कमलोच्या दारातला माणूस

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि साळवेसाहेब बावन्नचे. त्या साली त्यांनी माझा एक फोटो काढला. एवढ्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझा काढलेला तो एकच. त्या फोटोपायी एका विधवा बाईचं घर गेलं आणि ते अजून तिला परत मिळालेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या मराठी मंडळाच्या अंकात लिहिणारे लोक मुख्य गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवतात, ते मला आवडत नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. चौतीस वर्षं दिल्लीत सरकारी गाडी चालवली. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण साळवेसाहेबांवर दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो त्यांना शांत, सज्जन, मनमिळाऊ असं काहीतरी लिहून मोकळा होईल. ते मनमिळाऊ बिलकुल नव्हते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

साळवेसाहेब आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढायचे. नगरकडचे ख्रिस्ती. राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, मी आर. के. पुरममध्ये. उंचीला कमी, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला, स्वेटर थंडी संपली तरी अंगात. कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "मारुतराव, समोर माणूस बसला की त्याच्या ताटात बघावं लागतं."

ऑफिसात त्यांच्याइतका फोटोचा नाद कुणालाच नव्हता आणि त्यांच्याकडून फोटो काढून घेणं कुणालाच जमलं नाही. क्लार्क लोक म्हणायचे, "सालवे साब, एक फोटो हमारा भी हो जाए." हे विचारायचे, "आपका घर कहाँ है?" तो सांगायचा, लक्ष्मीबाई नगर, नाही तर नौरोजी नगर. "तो इतवार को आता हूँ, दरवाज़े पर खड़े रहिएगा." रविवारी चर्चमधून निघून खरंच जायचे. तोवर तो क्लार्क विसरून बायकोमुलांना घेऊन इंडिया गेटला गेलेला असायचा. मग हे सोमवारी त्याच्याशी बोलायचे नाहीत. असे ऑफिसातले निम्मे लोक त्यांनी सोडले होते.

त्यांचं एकच म्हणणं होतं, दाराशी माणूस पाहिजे. माणसाशिवाय घराचा फोटो काढला तर तो विटांचा फोटो. आणि घराशिवाय माणसाचा फोटो काढला तर तो पासपोर्टचा फोटो.

कॅमेरा त्यांनी दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून जुना घेतला होता. चौकोनी डबा, पुढे दोन डोळे, आणि वरून खाली मान घालून बघायचं. एका रोलमध्ये बारा फोटो, तेरावा नाही. त्या काचेत सगळं उलटं दिसायचं, डावं ते उजवं. पंचवीस वर्षं तोच कॅमेरा वापरून हा माणूस दर वेळी आधी चुकीच्या बाजूला सरकायचा, थांबायचा, पुटपुटायचा, आणि मग दुसऱ्या बाजूला जायचा. मी हसलो की म्हणायचे, "तुम्ही रिव्हर्स गिअरमध्ये हसता का?" ह्याचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही.

फोटो धुवायचे घरीच, न्हाणीघरात. खिडकीला काळी चादर. त्या दिवशी घरात कुणाला अंघोळ नाही. वहिनी दाराबाहेरून म्हणायच्या, "आज माणसं धुवायची आहेत की कागद?" आतून उत्तर यायचं, "बादली भरलेली ठेव." नाताळात करंज्या न्यायला मी गेलो तेव्हा त्यांच्या न्हाणीघरात दोरीवर फोटो वाळत होते आणि खाली वहिनींच्या साड्या पिळून ठेवलेल्या होत्या, वाळत घालायला दोरी नाही म्हणून.

तर नव्व्याण्णव सालची लढाई. वर डोंगरात ती चालू होती ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण खाली जम्मूकडच्या हद्दीवर जी गावं आहेत तिथेही तोफा पडत होत्या, ते फारसं कुणी पाहिलं नाही. आमच्या ऑफिसकडे काम आलं की अशा एका गावात जाऊन कुठली घरं पडली ती यादी करायची, म्हणजे सरकार ती परत बांधून देईल. डिसेंबरात निघालो. साळवेसाहेब, एक ज्युनिअर इंजिनिअर आणि जीपवर मी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक आहेत, त्यांची तहसीलमध्ये तारीख चालू आहे.

ऑफिसनं कॅमेरा दिला नव्हता. यादी, मापं आणि नकाशा एवढंच काम होतं. साहेबांनी आपला डबा घेतला आणि स्वतःचे रोल. अंबाल्याच्या पुढं त्यांनी गाडी थांबवायला लावली, एका ढाब्याचा म्हातारा दारात बसला होता म्हणून.

"मारुतराव, इंजिन बंद करा. जमीन हलते."

"जमीन कशी हलेल, साहेब? ही जीप आहे, रोलर नाही."

"मला खाली काचेत दिसतं. हलते."

"बंद केलं तर सेल्फ घेणार नाही. मग तुम्ही धक्का मारणार का?"

"मारीन की."

आणि मारला. ते आणि इंजिनिअर दोघांनी. इंजिनिअर जम्मूपर्यंत आमच्याशी बोलला नाही.

गाव असं होतं की काय सांगू. अडतीस घरं. मातीची धाबी, काही विटांची. गोळे पडून कुठे धाबं खाली बसलेलं, कुठे भिंतीला एवढं भोक की आतली चूल रस्त्यावरून दिसायची. माणसं दहाबारा किलोमीटर मागे एका शाळेत जाऊन राहिली होती. दिवसा पुरुष यायचे गुरांना चारा घालायला, काही बायका यायच्या भांडी शोधायला. गावाच्या तोंडाशी फौजेचं फाटक. पास होता तो साहेब आणि इंजिनिअर यांच्या नावाचा. ड्रायव्हरनं जीपजवळ थांबायचं. चार वाजता सगळ्यांनी बाहेर.

मी फाटकावरून तीन दिवस बघत होतो. साहेब प्रत्येक घरासमोर जायचे, घरवाल्याला शोधायचे आणि सांगायचे, जहाँ दरवाज़ा था वहाँ खड़े हो जाओ. दार नाही, चौकट नाही, भिंतसुद्धा नाही, तरी माणसाला बरोबर माहीत असायचं दार कुठे होतं. पाय तिथेच जाऊन थांबायचे. मग साहेब मान खाली घालायचे त्या काचेत बघायला. गावातल्या लोकांना वाटलं साहेब आपल्याला नमस्कार करतात. एक म्हातारी तर उलट हात जोडून उभी राहिली. आधीचे साहेब लोक यायचे ते वर बघून पाहणी करायचे, हा खाली बघतो, म्हणून गावाला हा आवडला. ते कॅमेऱ्यामुळे होतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. साहेबांनीही नाही. मी एकदा म्हटलं, लोकांचा गैरसमज झालाय. म्हणाले, "असू दे. गैरसमज चांगला आहे."

एका घराला एकच फोटो. रोल मोजके होते.

बलवंत नावाचा एक होता, त्याची म्हैस दावणीला मेली होती. तो म्हणाला, फोटो नको. साहेब त्याच्या अंगणातल्या दगडावर बसून राहिले. तासाभरानं बलवंत स्वतःच आला आणि पाठ करून उभा राहिला. साहेबांनी पाठीचा फोटो काढला. इंजिनिअर म्हणाला, इसमें तो मुँह ही नहीं है. साहेब म्हणाले, "पीठ भी उसी की है."

तिसऱ्या दिवशी शेवटचं घर राहिलं. ते फाटकापासून शंभर पावलांवर, तळ्याच्या काठाला. कमलो नावाच्या विधवेचं. नवरा आधीच वारला होता, एक लहान मुलगी. त्या दिवशी मुलीला ताप म्हणून कमलो तिला घेऊन दवाखान्यात गेली होती. घराचं धाबं पूर्ण खाली आलेलं, दाराची चौकट तेवढी उभी. साडेतीन वाजले. साहेब त्या चौकटीसमोर डबा छातीशी धरून उभेच. माणूस नाही.

मी फाटकावरून हाक मारली, "साहेब, घ्या ना तसाच."

"दाराशी माणूस नाही."

"अहो, ती आज येणार नाही. चारला बाहेर व्हायचंय."

"मग उद्या येऊ."

उद्या आम्हाला दिल्लीला निघायचं होतं. मला राग आला. फाटकावरचा जवान कोल्हापूरकडचा होता, त्याला म्हटलं, पाव्हणं, दोन मिनिटं, आत जाऊन ह्या माणसाला घेऊन येतो. त्यानं सोडलं. जीप चालूच ठेवली, सेल्फचा भरवसा नव्हता. मी गेलो आणि म्हणालो, "मी उभा राहतो. उरका."

साहेबांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. माझ्या अंगात पांढरा युनिफॉर्म. म्हणाले, "पांढरं फार चमकेल." ढिगाऱ्यात एक खेस पडलेला होता, जाड सुती चादर, तिकडे सगळे पांघरतात. तो मी झटकला आणि डोक्यावरून अंगभर घेतला. धुळीचा आणि दुधाचा वास येत होता त्याला. चौकटीत उभा राहिलो. साहेबांनी मान खाली घातली, एकदा उलट्या बाजूला सरकले, मग सुलट्या. त्याच वेळी माझ्या जीपच्या इंजिनानं खोकल्यासारखा आवाज केला. मी तिकडे पाहिलं.

तेवढ्यात खट झालं.

त्या फोटोत माझं तोंड नाही. एक धूसर डाग आहे. खेस पांघरलेला एक पुरुष स्वतःच्या घराच्या दारात उभा आहे असं दिसतं, दुसरं काही नाही.

साहेब प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायचे, आणि मागे पेन्सिलीनं मराठीत लिहायचे. एक प्रत यादीला चिकटवली, एक घरी. यादीला फोटो लावा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःच लावले. पण फोटो चांगले होते. वरच्या साहेबांना आवडले. पुढे कुणाला घर मिळणार हे त्या फोटोवरूनच ठरू लागलं, कारण यादीत घरांचे नुसते नंबर होते आणि गावात बऱ्याच जणांचे कागद जळून गेले होते. फोटोत दाराशी कोण उभं आहे ते बघायचं आणि नाव लिहायचं. पाठीवर काय लिहिलंय ते कोण बघतो? तो भाग डिंकाखाली गेलेला.

दुसऱ्या वर्षी परत गेलो तेव्हा घरं उभी राहत होती. विटा, सिमेंट, एका रांगेत, सगळी एकसारखी. साहेब जिथे जिथे आदल्या वर्षी उभे राहिले होते तिथेच जाऊन उभे राहत. जमिनीत त्यांनी खुणेचे दगड पुरून ठेवले होते. कमलोच्या घरापाशी नवी चौकट बसली होती आणि तिच्यात बेलीराम उभा होता. कमलोचा दीर. म्हणाला, "साब, लो फोटो."

साहेबांनी विचारलं, कमलो कुठे?

ती तळ्यापलीकडे होती. दोन बांबूंना पत्रा बांधला होता आणि पुढे चादर टांगलेली. झालं असं होतं की यादीत ह्या घरापुढे "पुरुष, एक" असं लिहिलं गेलं होतं. बेलीरामनं जाऊन सांगितलं, फोटोतला माणूस मी. तोंड दिसत नव्हतं. बेलीरामची उंची साधारण माझ्याएवढीच. जमिनीचा कागद सासऱ्याच्या नावाचा होता, तो आधीच वारलेला. गावातले काही जण बोलले, काही गप्प बसले. बेलीरामचे भाऊबंद बरेच होते.

साहेबांनी त्या दिवशी त्या घराचा फोटो काढला नाही. कॅमेरा स्वेटरखाली घातला आणि येऊन जीपमध्ये बसले. मग म्हणाले, "मारुतराव, तो तुम्ही आहात हे तुम्हाला सांगावं लागेल."

मी म्हटलं, बघू.

दिल्लीला येऊन त्यांनी स्वतः लिहून दिलं, फोटोतला माणूस आमचा ड्रायव्हर मारुती जाधव, घरवाली त्या दिवशी हजर नव्हती, चूक माझी. मला वरच्या साहेबांनी बोलावलं. साळवेसाहेब आधीच तिथे उभे होते. टेबलावर माझं लॉगबुक उघडं. यादीवरचा फोटो उचकटून उलटा ठेवलेला, डिंकाचे डाग पडलेले, त्यावर साहेबांचं पेन्सिलीचं अक्षर.

"तुम गाड़ी छोड़कर फाटक के अंदर गए थे?"

आता माझं ऐका. तेवीस वर्षांत मला एक मेमो नव्हता. एकही नाही. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, असं कुणाचं होतं का. चालू गाडी फौजेच्या फाटकावर सोडून, पास नसताना आत गेलो, हे मी कबूल केलं असतं तर मेमो नक्की होता. नोकरी गेली नसती. फक्त मेमो. पण तो माझा पहिला असता.

मी म्हणालो, "नहीं साब. मैं जीप के पास था."

वरचे साहेब साळवेसाहेबांकडे वळले. रागावले नाहीत. उलट मऊ आवाजात म्हणाले, "सालवे, इतने घर, इतने लोग. आप थक गए होंगे."

साळवेसाहेब म्हणाले, "जी."

बाहेर आलो. मी तयारीत होतो. ते भांडले तर काय बोलायचं हे मी मनात जुळवून ठेवलं होतं. तुमच्याच हट्टापायी उभा राहिलो, मी काय हौसेनं गेलो होतो, असं सगळं. ते व्हरांड्यात थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मारुतराव, चहा घ्यायचा का?"

आम्ही चहा घेतला. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. माझ्या समोर बसले.

हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. वहिनी एकदा म्हणाल्या की ते फार ताणायला गेले असते तर ऑफिसनं सगळेच फोटो खोटे ठरवले असते आणि बाकीच्या सदतीस घरांचंही अडलं असतं, म्हणून गप्प राहिले. असेल. पण मग माझ्याशी बोलणं का सोडलं नाही? रविवारी घरी नसलेल्या क्लार्कशी हा माणूस वर्ष-वर्ष बोलत नसे. माझ्याशी दुसऱ्याच दिवशी, "मारुतराव, टायरमध्ये हवा कमी दिसते."

त्यानंतर ते दर वर्षी ऑक्टोबरात स्वतःची रजा टाकून, बसनं, त्या गावात जात राहिले. कामाचा संबंध संपला होता, तरी जायचे. तेच दगड, तीच घरं, दाराशी माणूस. आदल्या वर्षीच्या फोटोची एक प्रत घरवाल्याला द्यायची आणि नवा काढायचा. मी त्यांच्याकडे ते सगळे क्रमानं पाहिलेत. आधी विटा, मग गिलावा, मग निळा रंग, मग डिशची थाळी, मग वरचा मजला. मध्ये परत गोळे पडले त्या वर्षी परत भोकं. बलवंतच्या घराची रस्त्याकडची भिंत तीनदा पडली आणि तीनदा बांधली, तिन्ही वेळचे फोटो आहेत. पहिल्यात पाठ, दुसऱ्यात अर्धा वळलेला, तिसऱ्यात सरळ समोर, आणि हसतोय. आता हसण्यासारखं काय झालं होतं, भिंत नुकतीच पडली होती. साहेब म्हणाले, "मलाही कळलं नाही."

आणि प्रत्येक वर्षी कमलोचा एक. पत्र्याखाली, टांगलेल्या चादरीपाशी उभी. आधी काळे केस, मग करडे. शेजारची मुलगी कमरेएवढी, खांद्याएवढी, मग आईपेक्षा उंच. मागे साहेबांचं अक्षर: कमलोचं घर.

जाताना दर वर्षी ते मला विचारायचे, "येता का?" एवढंच. मी म्हणायचो, रजा नाही. रिटायर झाल्यावर म्हणायला लागलो, गुडघे. ते म्हणायचे, "अच्छा." एकदाही पुढचं वाक्य बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि भांडण झालं असतं तर कदाचित काही तरी निकाल लागला असता. मी हट्टी आहे हे माझ्या घरात सगळे सांगतात. पण ह्या माणसाचा हट्ट कसला होता, तेच ओळखू येत नव्हतं. त्याला पकडायला जागाच नव्हती.

वहिनी गेल्या. साहेब दिल्लीतल्याच द्वारकेला मुलीकडे राहायला गेले. रूथ तिचं नाव, बँकेत आहे. मी इकडे, दिल्लीच्या पूर्वेला वैशाली नावाच्या वस्तीत, मुलाकडे. भेटणं कमी होत गेलं.

ह्या वर्षी मार्चमध्ये रूथचा फोन आला. "काका, एक प्रॉब्लेम आहे. ती गाववाली आंटी आहे ना, कमलो, तिच्या मुलीचा फोन होता. शीला. तिनं तहसीलमध्ये परत अर्ज लावलाय. सोमवारी तारीख आहे, तिला पापांचं स्टेटमेंट पाहिजे, फोटोबद्दल. पण पापांना आता नीट आठवत नाही हो. तुम्ही येता का? तुम्ही तर तेव्हा साथ में होतात."

मी म्हटलं, येतो.

मेट्रो थेट जाते. सव्वा तास बसून होतो, काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. त्यांच्या सोसायटीवरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. साहेब बाल्कनीत खुर्चीवर, स्वेटर घालून. मला बघून म्हणाले, "मारुतराव, गाडी कुठे लावली?" मी म्हटलं, मेट्रोनं आलो. "बरं केलंत. इथे पार्किंग नाही."

रूथनं फोटोंचे डबे आणून ठेवले. साहेबांनी एकेक फोटो उचलायला सुरुवात केली आणि मी बघतच राहिलो. रूथ म्हणते सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण फोटो हातात आला की, "हा बलवंत. म्हैस मेली ह्याची. ही करतारो, हिला दोन मुलगे, एक फौजेत. हा मास्तर, ह्याचं घर दुसऱ्यांदा पडलं तेव्हा हा नव्हता." एकही नाव चुकलं नाही. रूथ माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, काम झालं.

मग तो फोटो आला. चौकट आणि खेस पांघरलेला माणूस.

"हा कमलोचा दीर," साहेब म्हणाले. "बेलीराम."

विमान गेलं. ते जाईपर्यंत मी थांबलो.

"साहेब, तो मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर चिडणं नाही, टोमणा नाही. लहान मुलाची चूक सुधारावी तसं म्हणाले, "नाही हो, मारुतराव. तुम्ही जीपजवळ होतात. तुम्हीच सांगितलंत ना, मोठ्या साहेबांसमोर."

"पाठीमागे बघा. तुमच्याच हातचं आहे."

त्यांनी फोटो उलटा केला, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. "मारुतराव, कमलोच्या दारात." परत वाचलं. मग मान हलवली.

"माझ्याकडून चुकून लिहिलं गेलं असेल. तुम्ही कशाला खोटं बोलाल." आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "रूथ, रबर आण गं. एक दुरुस्ती आहे."

ते विसरले होते की मुद्दाम बोलत होते, हे मला अजून ठरवता येत नाही. घरी येताना मी दोन्ही बाजूंनी विचार केला. विसरले असतील तर माझं बोलणं त्यांच्यात इतकं खोल गेलं की त्यांनी स्वतःचं अक्षर खोटं मानलं. मुद्दाम असेल तर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला बोलले. मेट्रोत एका पोरीनं उठून मला जागा दिली. मी बसलो नाही.

मी तो फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला होता. "खोडू नका," म्हटलं. फोटो गेलाय हेही त्यांच्या लक्षात आलं नसावं. मांडीवरच्या शालीत ते रबर शोधत राहिले, एकदा डाव्या बाजूला, मग उजव्या. रूथ म्हणाली, "पापा, जेवून घेऊ ना आधी." ते म्हणाले, "एक मिनिट. चूक तशीच राहायला नको." मी दारातून मागे वळून पाहिलं तेव्हाही ते शालीच्या घड्या उलगडत होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, रूथकडून नंबर घेऊन मी जम्मूकडे फोन लावला. शीलानं घेतला. मी म्हटलं, माँ को दो. कमलोचा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मी नाव सांगितलं, जीपचा ड्रायव्हर म्हटलं, आणि म्हटलं की तुम्हारे दरवाज़े पर वह आदमी मैं था, बेलीराम नहीं.

ती बाई शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पता है. बेलीराम तो उस दिन गाँव में था ही नहीं." मग विचारलं, "लिखकर दोगे?"

मी म्हटलं, देईन.

"सोमवार को दस बजे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दाढी केली. सुनेला सांगितलं, जम्मूला जातोय. ती म्हणाली, बाबा, तुमचे गुडघे. फोटो पिशवीत घातला आणि कश्मीरी गेटला जाऊन तिकीट काढलं. बस संध्याकाळी होती. मी सकाळपासूनच तिथे बसून राहिलो.